‘आयला’ नव्हे, ‘आले’

तरुणपणी मी फार शुद्ध मराठी बोलत असे. माझ्या सगळ्या दुर्गुणांत हा मोठा. बाकीचे काही वयाने गेले, काही दातांबरोबर गेले. हा मात्र मी स्वतःच्या हाताने गाडला, आणि तोही उशिरा.

आमची माणसं चार पिढ्यांपूर्वी कोकणातून मॉरिशसला ऊस तोडायला आली. येताना जी बोली तोंडात होती तीच आमच्या घरात राहिली. ‘बा घरा आयला’, ‘मना नको’, ‘ती व्हती’ असं आम्ही बोलायचो. त्यात बेटावर सगळे बोलतात ते फ्रेंच वळणाचं क्रेओल मिसळलं, शेजाऱ्यांचं भोजपुरी मिसळलं, आणि कोणाचं काही अडलं नाही. अडलं माझं. आमच्या गावात, बों अक्योयला, देवळामागे पत्र्याची एक खोली होती, तिला बैठका म्हणत. तिथे संध्याकाळी मुलांना मराठी शिकवत. मी आधी शिकले आणि मग शिकवायला लागले. एकदा भारतातून एक गुरुजी आले होते. त्यांच्यासमोर मी वडिलांविषयी सांगताना म्हणाले, “बा काल आयला.” गुरुजींनी उपरणं तोंडाला लावून हसू दाबलं. मग हळूच सांगितलं की त्यांच्याकडे ‘आयला’ ही हलकी शिवी आहे, आणि वडिलांना कोणी एकेरी बोलत नाही. ‘बाबा आले’ असं म्हणावं.

त्या दिवसापासून मी घरात पोलीस झाले. बाबांनी तोंड उघडलं की मी चूक काढायची. जन्मभर उसात राबलेला माणूस दमून पायरीवर बसला आहे आणि बावीस वर्षांची पोर त्याला सांगते आहे, “मना नाही, बाबा. मला.” ते म्हणायचे, “बरं बाय, मला. आता पानी दे मना.”

ही सत्तरीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आई कधीच गेली होती. घरात बाबा, दादा आणि मी. दादा साखर कारखान्यात कामाला होता. बाबा तीन आठवडे इस्पितळात राहिले आणि मग एका शनिवारी सकाळी डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. का न्यायचं ते दादाला कळलं, मला कळलं. बाबांनाही कळलं असावं, कारण रविवारी उठल्या उठल्या त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं.

“तुज्या आतेला सांगून ये,” ते म्हणाले. “सांग, बा घरा आयला. येवडंच सांग. ती समजंल.”

आत्या म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण. समुद्राकाठच्या गावात राहायची, आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर. तीन वर्षं भावाबहिणीचं बोलणं बंद होतं आणि त्याचं कारण मी होते. तिने मला तिच्या मुलासाठी मागितलं होतं. आमच्यात मामाची मुलगी करतात. मुलगा चांगला होता, पोर्ट लुईच्या गोदीत कामाला होता, दर शनिवारी घरी यायचा. पण तो मराठीत दहा शब्द बोलला तर त्यातले सात क्रेओल. मी बाबांना सांगितलं, मी असल्याशी लग्न करणार नाही. बाबांनी माझी बाजू घेतली. आत्या अंगणातूनच परत फिरली. मुलाने पुढे तेलुगू घरातली एक मुलगी केली. तिला तर मराठी ऐकून थोडं समजायचं एवढंच.

म्हणून त्या रविवारी जेवणं आटोपून मी निघाले ती आत्याच्या तोंडाला घाबरत निघाले. पण खरं सांगायचं तर भीती फार वेळ टिकली नाही. मला बाबांची सायकल मिळाली होती.

सायकल पुरुषी होती, मध्ये दांडा असलेली. झगा गुडघ्यात गोळा करून, त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून मी चढायची. शेजारच्या काकी म्हणायच्या, “ही पोरगी सासरी बी चिमटा लावूनच जायची.” घरामागून उसाची गाडीवाट होती. ती खाली जुन्या लाईनीला मिळायची. लाईन म्हणजे आगगाडीची. माझ्या लहानपणी गाड्या बंद झाल्या, रूळ उखडून नेले, आणि मागे उरली ती नुसती खडी. उसाच्या मधून समुद्राकडे उतरत गेलेला काळ्या खडीचा पट्टा. बस नाही, मोटार नाही. तोडणीच्या दिवसांत उसाच्या लॉऱ्या तेवढ्या आडव्या जायच्या. रविवारी तर चिटपाखरू नसे.

आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा. ऊस डोक्यावर गेलेला, तुरे आलेले, वर राखाडी आभाळ. त्या बोगद्यातून टायरखाली खडी करकरत असायची आणि दुसरा आवाज नसे. शेतातून वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे घराएवढे ढीग अधूनमधून दिसायचे. ते दगड आमच्याच पणज्यांनी वेचलेले, पण मला तेव्हा त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. मी मोठ्याने कविता म्हणत चालले होते. शुद्ध उच्चारात. ऐकायला ऊस.

पुढे एक स्टेशन लागायचं. फलाटावर शेळ्या, भिंतीवरचं नाव पावसाने धुतलेलं. मग बंद पडलेल्या साखर कारखान्याचं दगडी धुरांडं, त्याच्या टोकाला उगवलेला वड. मग नदीवरचा लोखंडी पूल. त्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि तिथे उतरून चालावं असा शहाणपणाचा नियम होता. मी उतरले नाही. मधली एक फळी नव्हती. पडले, गुडघा फुटला, उठले, आणि कोणी पाहिलं नाही ना म्हणून चारी बाजूंना पाहिलं. अशी मी.

पुलानंतर खडी काळ्याची पांढरी होते. पोवळ्याचा चुरा. समोरून समुद्राचा वारा येतो आणि तो चुरा डोळ्यांत भरतो. आत्याच्या दारात सायकल टेकवली तेव्हा माझे डोळे लाल होते, गालांवर पाण्याचे ओघळ होते, आणि गुडघ्यातून रक्त येत होतं.

आत्या घरात नव्हती. मुलगा दुपारच्या बसने पोर्ट लुईला परत गेला होता. दारात सून उभी होती. ती क्रेओलमध्ये म्हणाली, “माँ किनाऱ्यावर गेली आहे, येईल, बस.”

आता इथे मी काय करायला हवं होतं हे तुम्हीही सांगाल. बसायला हवं होतं. पण आत्या येणार, मला बघणार, सुनेसमोर मला चार शब्द ऐकवणार. आणि किनाऱ्याने गेलेली ती पांढरी वाट मला दिसत होती. फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या झाडांखालून, चुन्याच्या जुन्या भट्टीपर्यंत. मला तिथे जायचं होतं. आणखी एक होतं. क्रेओलमध्ये दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण जिने मी नाकारलेला नवरा केला, तिच्यासमोर मला मराठी दाखवायची होती. मी ताठ उभी राहिले आणि धड्यातल्यासारखं म्हणाले:

“आत्यांना सांगा. बाबा आले.”

तिने तोंडावर हात ठेवला. “आय्यो! आले?”

“हो. आले.”

“केव्हा?” हा एक शब्द तिला येत होता.

“काल सकाळी.”

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, बघा, परकी असून हिला किती आनंद झाला. ती पुढे येऊन माझा हात धरायला लागली. मी हात सोडवला, सायकलवर चढले आणि निघाले.

त्या दुपारी मी दोन तास किनाऱ्याने फिरले. त्या दोन तासांसारखे दोन तास पुढे मला फारसे मिळाले नाहीत हेही लिहून ठेवते, नाहीतर खोटं होईल. वाट निर्मनुष्य होती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला खडकावर फुटणारं पाणी. चुन्याची भट्टी कुठल्याशा जुन्या किल्ल्यासारखी उभी होती. पोवळी भाजून चुना करायचे तिथे, कोणाच्या काळात कोण जाणे. मी तिच्यावर चढून बसले, केस मोकळे सोडले, आणि पाऊस यायला लागला तेव्हा उतरले.

घरी पोचले तेव्हा बाबा पायरीवर येऊन बसले होते.

“सांगितलंस?”

“सांगितलं.”

“गावली ती?”

मी एवढा उशीर कुठे केला, हा त्याच्या पुढचा प्रश्न असणार होता. म्हणून मी म्हणाले, “हो, भेटली. तिच्याशीच बोलत बसले.”

“काय म्हनाली?”

“येते म्हणाली.”

बाबांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबले. मग दादाला हाक मारून दाढीचं सामान मागितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दादाकडून बाक हलवून घेतलं, कुंपणापाशी, जिथून लाईनीवरून येणारं माणूस दिसतं. धुतलेला सदरा घालून ते तिथे बसले. उसातल्या बाया मोठी टोपी आणि गमबूट घालून घराकडे परतायच्या. लांबून प्रत्येक बाई सारखी दिसते. “ती बघ. आयली.” ते अर्धे उठायचे. बाई वळून दुसऱ्या वाटेने जायची. बाबा बसायचे.

“नक्की काय म्हनाली ती? कशी म्हनाली?”

खोटं बोलायला सुरुवात केली की त्याला हातपाय काढावे लागतात. मी म्हणाले, “म्हणाली, बुधवारी येते.” बुधवार त्या वेळी मला लांब वाटला. बुधवारी बाबा दिवसभर आडवे झाले नाहीत. संध्याकाळी पाऊस लागला तरी आत येईनात. दादाने उचलून आणलं.

मला आत्याचा राग यायला लागला. खरंच यायला लागला. बाबा घरी आले हे सुनेने सांगितलं असणार, तरी ही बाई येत नाही. तीन वर्षांचा राग मरणाऱ्या माणसावर काढते. दादा म्हणाला, “मी जाऊन आणतो तिला.” मी म्हणाले, “कशाला? पाया पडायला? ती येते म्हणाली आणि आली नाही. आपण एकदा सांगितलं.” दादा गेला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं. रागही खरा होता आणि ही भीतीही खरी होती. त्यातलं कोणतं जास्त खरं होतं ते मी इतक्या वर्षांत ठरवलेलं नाही.

शुक्रवारी बाबा म्हणाले, “बाक फिरव.” मला कळलं नाही. “ह्या बाजूला तोंड कर त्याचं. घराकडं.” दादाने बाक फिरवलं. ते लाईनीकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “अजून राग हाय तिचा.” तेवढंच.

शनिवारी पहाटे ते गेले.

दादाला माणसं गोळा करायची होती, लाकडं, भटजी. तो म्हणाला, “आत्याला कळव. चार वाजता उचलणार.” आलेल्या बायकांचं बघून बारा वाजता मी पुन्हा सायकल काढली. या वेळी पुलावर उतरले. धुरांडं, स्टेशन, शेळ्या, सगळं होतं तसंच होतं, आणि मला वाईट वाटलं की ते होतं तसंच आहे.

आत्याच्या दारात मी सायकल टाकली आणि रडतच आत गेले. समोरच्या भिंतीपाशी पाटावर बाबांचा फोटो होता. तरुणपणचा, दोन्ही भावंडांचा, त्यातला बाबांचा अर्धा भाग कापून वेगळा केलेला. त्याला पिवळ्या फुलांचा हार घातलेला होता. पुढे दिवा. फुलं सुकली होती.

मला वाटलं माझ्याआधी कोणीतरी येऊन सांगून गेलं. पण फुलं सुकलेली कशी?

आत्या खाली बसली होती. उठली नाही. “आयलीस?” ती म्हणाली. “आज सवड झाली?”

“आत्या, बाबा गेले.”

“ठाव हाय मना. सा दिस झाले. तीन दिसांचं सुतक धरलं मी. दहाव्याला तरी बोलवाल म्हनून बसलेव.”

“आत्या, आज. आज पहाटे गेले.”

तिने एकदा फोटोकडे पाहिलं. मग सुनेला हाक मारली. “काय गो, हिने काय सांगितलान तुला त्या दिशी?”

सून दारात आली. मला बघून ती गोंधळली. “हिनेच सांगितलं,” ती क्रेओलमध्ये म्हणाली. “रडत होती. म्हणाली, बाबा आले. मी विचारलं, आले? म्हणाली, हो. काल सकाळी.”

क्रेओलमध्ये ‘आले’ म्हणजे गेला. गेली, गेले, सगळ्याला तेच. आणि माणूस मेला असं तोंडावर म्हणवत नाही तेव्हाही आमच्या देशात लोक एवढंच म्हणतात, आले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी जन्मापासून क्रेओल बोलत होते. दुकानात, बसमध्ये, दादाशी भांडताना. पण मराठी बोलायला लागले की मी ते दार घट्ट लावून घ्यायची, त्याला कडी घालायची. बाबांनी दिलेले शब्द जसेच्या तसे सांगितले असते, ‘बा घरा आयला’, तर ती तेलुगू घरातली पोर सुद्धा बरोबर समजली असती. आत्याकडे ती रोज तेच ऐकत होती.

आत्याने सगळं जोडलं. तिला वेळ लागला नाही. “म्हंजे सा दिस तो जित्ता व्हता,” ती म्हणाली. “आनि मी हितं त्याच्या फोटोला हार घातलाव.”

मग ती पुढे म्हणाली, “मना वाटलं, भाऊ मेला नि तुमी मना तोंड बी दाखवलं नाय. जाळून झाल्यावर दुसऱ्या दिशी पोरीला सायकलवर धाडलं. ती बी दारातून पळाली. म्हनून मी आयलेव नाय.”

मी काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, “गप. किती वाजता उचलतात?”

“चारला.”

बस त्या वेळेला नव्हती. आत्या सायकलच्या कॅरिअरवर आडवी बसली, माझ्या कमरेला धरून. पांढऱ्या चुऱ्यात चाक रुतायचं. पुलाच्या पुढे चढ लागतो. उतरताना कधी कळत नाही पण घराकडची सगळी वाट चढाची आहे. एवढं वजन घेऊन खडीवर मला ते जमेना. मी उतरले, ती उतरली, मी सायकल ढकलायला लागले. ती बाजूने चालत होती, अनवाणी, खडीवरून. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, “शेवटाला काय खाल्लान?”

“पेज. दोन चमचे.”

“मीठ घातलं व्हतंस?”

“हो.”

स्टेशन मागे पडलं. मग तिने विचारलं, “माजी वाट बघितलान?”

मी म्हणाले, “हो.” त्यापुढे तिने काही विचारलं नाही आणि बुधवारचं मी काही सांगितलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. माणसं घेऊन गेली होती. बायका स्मशानात जात नाहीत. अंगण धुतलेलं होतं. दादा अग्नी देऊन संध्याकाळी परत आला, ओल्या पंच्याने, आणि आत्याला बघून तिथेच थांबला. सगळी भावकी बसली होती.

“आत्या,” तो म्हणाला, “पाच दिवस बसले होते ते कुंपणापाशी. तू हिला सांगितलंस ना येते म्हणून? बुधवारी येते म्हणालीस.”

आत्याने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. हे खोटं तिला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. मी जमिनीकडे बघत होते. मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता.

“म्हटलं व्हतं,” आत्या म्हणाली. “नाय जमलं. पाय दुखत व्हता.”

कोणीतरी मागून म्हणालं, “पाय!” आणि एक बाई उठून आत गेली.

त्यानंतर आत्या आठ-दहा वर्षं जगली. भावकीत तिला लग्नाकार्याला बोलावत, पण जेवायला तिच्या शेजारी बसायला बायका टाळत. भाऊ मरत होता आणि ही राग धरून बसली, असं मुलींना सांगत. मी तोपर्यंत शाळेत मराठीची बाई झाले होते, माझं लग्न झालं होतं, मुलं झाली होती. आत्या मला कधी काही बोलली नाही. दिवाळीला गेले की चकल्या द्यायची आणि म्हणायची, “खा, मास्तरीन.” त्यात टोमणा होता की नव्हता, मी विचारलं नाही.

ती गेली तेव्हा ऐंशीच्या दशकाचा मध्य उलटला होता. तिच्या दारात आम्ही बसलो होतो. सून चहा देत फिरत होती. इतक्या वर्षांत ती छान मराठी बोलायला शिकली होती, आत्याची मराठी. तिच्या मागे एक म्हातारी दुसरीला सांगत होती, “चांगली व्हती, पन काळीज दगडाचं. सख्खा भाऊ वाट बघत मेला, ही गेली नाय.”

सुनेने हातातला कप माझ्यापुढे धरला, पण सोडला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, “ह्या व्हत्या त्या वक्ताला. ह्यांना ठाव हाय सगळं. सांगा ना, ताई.”

बायका माझ्याकडे वळल्या. शाळेतली बाई म्हणजे नीट सांगणार.

मी म्हणाले, “जाऊ दे. जुन्या गोष्टी.”

सुनेने कप सोडला. आणि त्यानंतर ती माझ्याशी बोलली ती फक्त क्रेओलमध्ये.